भानामतीचा फोन आला की काय करायचं: नव्या कार्यकर्त्यांसाठी

गेल्या महिन्यात साताऱ्यात कॉलेजच्या दोन पोरी भेटल्या, त्यांना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या या कामात यायचंय, आणि त्यांचा पहिलाच प्रश्न होता की ताई, घरात गेल्यावर सुरुवात नेमकी कुठून करायची. चार तास बोलत बसलो तरी निम्मं राहिलंच. म्हणून एकदा सगळं लिहून काढते, ज्याला उपयोगी पडेल त्याने घ्यावं.

आधी भानामती म्हणजे काय ते. कपडे आपोआप पेटतात, रात्री घरावर दगड येतात, मांडणीवरची भांडी खाली येतात, पिठात केस नाहीतर शेण निघतं, कुलूपबंद ट्रंकेतल्या साड्या कातरलेल्या सापडतात, अंगावर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या उठतात, कुणाच्या डोळ्यातून खडे येतात. आपल्याकडे भानामती म्हणतात, करणी म्हणतात, 'बाहेरचं हाय' म्हणतात, तिकडे युरोपात पोल्टरगाइस्ट म्हणतात, जर्मन शब्द आहे, अर्थ आदळआपट करणारं भूत. १९७७ ला लंडनच्या एनफिल्ड भागात एक आई आणि तिच्या चार मुलांच्या घरात हेच सुरू झालं, फर्निचर सरकतंय, भिंतीत ठकठक होतेय, वस्तू उडतायत, आणि पुढे त्यातल्या मुलीनेच सांगितलं की यातले थोडे प्रकार आम्हीच केले होते, तपासायला आलेले लोक ओळखतात का ते बघायला. १९८४ ला अमेरिकेत कोलंबस शहरात चौदा वर्षांच्या एका मुलीभोवती असंच चाललेलं, तिथे टीव्हीवाल्यांचा कॅमेरा चालू राहिला होता आणि त्यात ती स्वतः टेबलावरचा दिवा ओढून पाडताना दिसली. ती मुलगी दत्तक होती, हा तपशील लक्षात ठेवा. जे लोक याच्यामागे अदृश्य शक्ती मानतात त्यांनीसुद्धा हे नोंदवलंय की असले प्रकार बहुतेक वेळा घरातल्या एकाच माणसाभोवती फिरतात आणि ते पुष्कळदा वयात येणारं पोर असतं.

मला इतक्या वर्षांत कळलेली गोष्ट एकच आहे. ज्या घरात बोलायची सोय नसते तिथे भानामती होते. जिला बोलता येत नाही तिचं दुखणं दगडातनं आणि जळलेल्या कपड्यातनं बाहेर येतं. त्यामुळे आपण चोर पकडायला जात नाही, आपण एका माणसाला त्या कोपऱ्यातनं बाहेर काढायला जातो, हे डोक्यात पक्कं असेल तरच पुढचं वाचा. डॉक्टर नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, शिकले सांगलीच्या विलिंग्डनला आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजला, १९८९ ला त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, आणि भानामतीत ज्याच्या हातून घडलं त्याचं नाव बाहेर फोडायचं नाही हा दंडक कार्यकर्त्यांनी पाळत आणलाय. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. आम्ही आजही त्याच वाटेने जातो.

फोनवर

फोन करणारा घाबरलेला असतो, बहुतेकदा घरातला कर्ता पुरुष नाहीतर गावातला एखादा मास्तर. त्याला फोनवरच 'भूतबित काय नसतं हो' असं ऐकवू नका, तो फोन ठेवेल आणि सरळ देवरुष्याकडे जाईल. ऐकून घ्या. घरात कोणकोण आहे, वय काय, कधीपासून सुरू झालं, त्याच्या आधीच्या महिना दोन महिन्यांत घरात काय घडलं (लग्न, मयत, वाटणी, शाळा सुटणं, कुणी राहायला आलं), आणि आत्तापर्यंत कुणाकुणाला दाखवलं, एवढं विचारा आणि लिहून घ्या.

मग दोन कामं सांगा. पेटायचे प्रकार असतील तर रॉकेल, पेट्रोलची बाटली, काडेपेट्या एका जागी कुलपात, झोपताना गॅसचं रेग्युलेटर बंद, आणि लहान पोरं एकटी झोपवायची नाहीत. भूत असो नसो, आग खरी असते आणि तिने माणूस मरतं. दुसरं म्हणजे आजपासून एक फुलस्केप वही करा आणि प्रत्येक प्रकार त्यात लिहा. कसा लिहायचा ते पुढे सांगते. आणि एक विनंती करा की आम्ही येईपर्यंत उतारे, गंडेदोरे, कौल सगळं थांबवा. ऐकतीलच असं नाही, तरी सांगा.

कोण जायचं, कसं जायचं

तिघं किंवा चौघं, जास्त नाही. त्यात एक बाई पाहिजेच पाहिजे, दोन असल्या तर उत्तम, कारण घरातल्या सुना आणि पोरी पुरुष कार्यकर्त्यापुढे तोंड उघडत नाहीत. एक माणूस त्याच तालुक्यातला असावा, त्याला भाऊबंदकी कळते. पत्रकार, यूट्यूबवाले, मोबाईलवर लाईव्ह करणारे यापैकी कुणीही बरोबर नको, गावातली बघ्यांची गर्दी असेल तर सरपंचांना नाहीतर पोलीस पाटलांना विनंती करून आधी ती पांगवा. दिवसाउजेडी जा. घरातल्यांनी आपल्याला बोलावलंय एवढं चार ओळीत लिहून सही घ्या, पुढे कुणी उलटलं तर तो कागद कामाला येतो.

घरात गेल्यावर पाणी दिलं तर प्या, चहा केला तर घ्या. हे मी उगाच सांगत नाही, ज्या घराच्या अन्नात घाण निघते त्या घरी गाव पाणी प्यायचं बंद झालेलं असतं, आपण कप उचलला की त्या बाईच्या डोळ्यात पाणी येतं आणि निम्मं काम तिथेच होतं. देव्हाऱ्याला हात लावू नका, भिंतीवर लटकवलेलं लिंबू-मिरची-बिब्बा तोडू नका, हसू तर अजिबात नका. वाद घालायला आलो नाही, त्रास थांबवायला आलोय, असं आज्जी-आजोबांपुढे बसून सांगा. मी बहुतेक वेळा आज्जीशेजारीच बसते. घरात कोण कुणाशी बोलत नाही ते पहिल्यांदा तिथेच कळतं.

वही

सगळ्या तपासाचा जीव या वहीत आहे. एका ओळीत एक प्रकार: तारीख, वेळ, काय झालं, कुठे झालं, पहिल्यांदा कुणी बघितलं, त्यावेळी घरातला प्रत्येक माणूस कुठे होता, आणि ती वस्तू त्याच्या आधी शेवटची धड कुणी कधी बघितली होती. हा शेवटचा रकाना नवीन पोरं हमखास विसरतात. साडी दुपारी तीनला जळलेली सापडली म्हणजे तीनला जळली असं नाही, सकाळी दहाला दांडीवर टाकल्यावर तिच्याकडे कुणी बघितलंच नसेल तर मधले पाच तास मोकळे आहेत.

तसंच 'पाहिलं' आणि 'सापडलं' हे वेगळं लिहा. लोक सांगताना म्हणतात तांब्या हवेतनं उडत आला. तुम्ही शांतपणे विचारा, मावशी, तांब्या मांडणीवरनं सुटताना तुम्ही बघितला का आवाज आल्यावर वळून बघितलं? दहातल्या नऊ वेळा उत्तर येतं, आवाज आला तशी वळले. निघताना जवळपास कुणीच बघत नाही, पडलेलं सगळे बघतात. मावशी खोटं बोलत नसतात हे लक्षात घ्या. आपण सगळेच मधली जागा मनाने भरतो.

कराडजवळच्या एका गावातलं सांगते, गाव सांगणार नाही. मामाच्या घरी राहणारी तेरा वर्षांची मुलगी, आई वारलेली, बापाने दुसरं लग्न केलेलं. मामा, मामी, त्यांची दोन लहान पोरं, आज्जी. दीड महिना कपडे पेटत होते, मामीच्या साड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या येत होत्या, आणि परड्यातल्या पत्र्यावर संध्याकाळी दगड. मामाने वही खरंच मन लावून लिहिली होती, अक्षर शाळकरी, पण एकही दिवस चुकवला नव्हता. आम्ही ती सोप्यात चटईवर पसरली आणि वेळांखाली पेन्सिलीने रेघ मारत गेलो. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच, एक प्रकार नाही. रविवारी सहा सहा. आणि एका आठवड्यात सलग चार दिवस वहीत एकही प्रकार नाही, त्या चार दिवसांत ती पोरगी सहलीला आणि मग तापाने शेजारच्या मावशीकडे होती. मामाने ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, पण त्याला ते दिसलं नव्हतं. आम्ही तिथे काहीच बोललो नाही. वही मिटली आणि चहा प्यायलो.

घर आणि आजूबाजू

कुणावर संशय घेण्याआधी घर तपासा, कारण कधीकधी माणूस यात नसतोच, आणि निष्पाप पोरीकडे बोट गेलं तर ते पाप आपलं. पत्र्याचं घर असेल तर दिवसभर तापलेला पत्रा रात्री गार होताना आकसतो आणि बंदुकीसारखा वाजतो. माळ्यावर उदमांजर चालली की माणूस चालल्यासारखं वाटतं, आमच्याकडे तिला कांडेचोर म्हणतात, पहाटेपर्यंत धिंगाणा घालते, लेंड्या बघितल्या की कळतं. गव्हाणी घुबडाचं ओरडणं पहिल्यांदा ऐकलं तर मोठमोठ्यांची गाळण उडते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत बांधलेल्या घराची गोष्ट वेगळी, ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मग दारं आपोआप अडकतात, उघडतात, भिंतीला रात्रीत चीर जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात दिवसेंदिवस पाण्यात राहिलेल्या घरांत तर हे जास्तच विचारात घ्या.

पाटण आणि शिराळ्याच्या बाजूला भांडी खडखडतात म्हणून फोन आला तर आधी भूकंप तपासा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप घरोघर आठवतात, पण त्या पट्ट्यात बारीक धक्के अजूनही येत असतात, झोपेत किंवा कामाच्या गडबडीत तो भूकंप होता हे लक्षातही येत नाही पण मांडणीवरची भांडी खडखडतात. एका घरी तर वहीतल्या दोन तारखा पेपरात आलेल्या धक्क्यांच्या तारखांशी जुळल्या आणि प्रश्न तिथेच संपला, मांडणीला पुढून एक पट्टी ठोकून आलो.

वायरिंग बघा, न्यूट्रल सैल असेल तर दिवे कमीजास्त होतात, इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि घरातल्या सगळ्यांनाच डोकेदुखी, मळमळ, कुणीतरी आहेसं वाटणं, छातीवर दाब असं होत असेल तर ताबडतोब खिडक्या उघडायला सांगा, बंद न्हाणीतला गॅस गीझर किंवा बंद खोलीतली कोळशाची शेगडी बघा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. १९२१ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी असंच एक 'झपाटलेलं' घर छापून आणलं होतं, पावलं वाजत होती, माणसं दिसत होती, आणि कारण निघालं घर गरम ठेवायची बिघडलेली भट्टी.

दगड, आग, बिब्बा

पडलेले दगड टाकून देऊ नका, पिशवीत तारीख घालून ठेवा. मुरूम आहे का काळा दगड, ओला आहे का कोरडा, त्याला शेणमाती लागलीय का, आणि अंगणात तसलेच दगड कुठे पडलेत. मग ते कुठल्या बाजूच्या पत्र्यावर पडतात ते बघा. कराडच्या त्या घरी सगळे दगड गोठ्याच्या बाजूला, आणि दगडाला वाळलेलं शेण, गोठ्याच्या दारात उभं राहिलं की पत्रा बरोबर हाताच्या फेकीत. दगड बाहेरून येतायत असं म्हणून गावची पोरं रात्रभर रस्त्यावर पहारा देत होती आणि घराकडे सगळ्यांची पाठ होती.

आगीत जळालेलं कापड हाताने चिवडू नका, काही रसायनं नुसत्या हवेने पेट घेतात आणि त्यांनी कातडी जळते, म्हणून चिमट्याने उचलून स्टीलच्या डब्यात. पण खरं सांगू, बहुतेक ठिकाणी एवढं काही नसतं, काडीचं टोक सापडतं नाहीतर चुलीतल्या निखाऱ्याची राख. जळायची सुरुवात कुठून झाली ते बघा, खालच्या काठाकडनं का वरनं, आणि ती उंची घरातल्या कुणाच्या हाताला येते. आणखी एक, कुणाचे कपडे जळतात आणि कुणाचे कधीच जळत नाहीत याची यादी करा. त्या घरात आज्जीच्या लुगड्याला दीड महिन्यात धग लागली नव्हती.

बिब्बा तर घराघरात असतो, बाळंतिणीला देतात, दृष्टीला बांधतात, पूर्वी धोबी कपड्यावर खुणा करायला वापरायचे. त्याचं तेल अंगाला लागलं की लगेच काही दिसत नाही, काही तासांनी नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखं काळं होतं, खाज सुटते, फोड येतो. म्हणून फुली आपोआप उठली असं वाटतं. फुली कुठे आहे ते बघा, पोटावर, मांडीवर, डाव्या दंडावर, म्हणजे स्वतःचा हात जिथे पोचतो तिथेच आहे का. आणि नखं बघा, बिब्ब्याचा डाग साबणाने जात नाही. पण बघताना 'हात दाखव गं' असं दरडावून अजिबात नाही, आमच्यातली बाई भाज्या निवडायला नाहीतर मेंदी काढायला शेजारी बसते आणि तिथे आपसूक दिसतं. कराडच्या पोरीच्या उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला, आत, काळी रेघ होती केसाएवढी. आणि शेजारच्या बोटावर फोड येऊन गेल्याची गुलाबी नवीन कातडी. म्हणजे तिलाही भाजलं होतं आणि दीड महिना तिने ते कुणाला दाखवलं नव्हतं. ती रेघ बघितल्यावर मला राग आला नाही, माझ्या पोटात कालवलं.

एकेकाशी बोलणं

घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोला, ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशी सगळ्यात शेवटी, म्हणजे कुणालाच काही कळत नाही. लहान पोरांशी आणि पोरींशी बोलताना बाई कार्यकर्ती, दार उघडं, घरातली मोठी बाई नजरेच्या टप्प्यात पण ऐकू न येईल इतकी लांब. मारायची, पोलिसांची, देवाची भीती घालायची नाही. 'आम्हाला सगळं कळलंय' अशी थाप मारायची नाही.

प्रश्न भानामतीचे विचारू नका. दिवसभर काय करतेस, पहाटे किती वाजता उठतेस, मैत्रीण कोण, शाळेत काय आवडतं, जेवायला कधी बसतेस, रात्री कुठे झोपतेस, हे विचारा आणि गप्प बसा. गप्प बसायला जमलं पाहिजे, मला ते शिकायला पाच वर्षं लागली. ती पोरगी वीस मिनिटं पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत होती. मी शेंगा फोडत होते. मग ती म्हणाली, 'पुढच्या वर्षी शाळा न्हाय.' मी विचारलं कोण म्हणालं, तर म्हणे, 'मामी. आठवी झाली की बास म्हणत्यात. धाकट्याला बघायला कोण हाय म्हणत्यात.' मी म्हटलं, तुला शिकायचंय? तिने मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग मी एवढंच म्हणाले की हे जे चाललंय ते माझ्या मते कुणीतरी फार त्रासात असल्यामुळे चाललंय, मला कोण ते सांगायची गरज नाही, ते आज थांबलं तर मी तुझ्या शाळेचं मामांशी बोलेन, आणि तुझं नाव माझ्या तोंडातनं कधी निघणार नाही. ती रडायला लागली. शेंगांची टरफलं तिच्या परकरावर पडली होती ती एकेक वेचत रडत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. कबुली ही आपली गरज नाहीये.

एक मात्र आधीच खरं सांगून ठेवा, की तुला कुणी मारत असेल, नको तिथे हात लावत असेल तर ते मी पोटात ठेवणार नाही, तिथे मदत आणणार. १८ च्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणं गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पोलीस ११२. भानामतीच्या मागे कधीकधी हे निघतं, आणि निघालं तर बाकी सगळा तपास बाजूला.

पडताळा

वहीतनं आणि बोलण्यातनं अंदाज आला तरी खात्री करून घ्या, पण सापळा लावल्यासारखं नको. सोपा मार्ग म्हणजे जागाबदल. कुठल्यातरी निमित्ताने, सगळ्यांना पाळीपाळीने, आठ आठ दिवस पाहुण्यांकडे पाठवा, म्हणजे एकट्या कुणावर बोट येत नाही, आणि वही चालू ठेवा. कपडे ट्रंकेत घालून कुलपावर कागदाची पट्टी चिकटवून सगळ्यांच्या सह्या घ्या, किल्ली आपल्याकडे. पट्टी फाटत नाही आणि कपडेही जळत नाहीत, हे बघून घरातल्यांचीच भीती निम्मी उतरते, बाहेरचं असतं तर त्याला कुलूप कशाला आडवं आलं असतं असं आज्जीच म्हणते. कॅमेरा लावायचा तर घरच्यांना सांगून, अंगणात किंवा सोप्यात, झोपायच्या खोलीत आणि न्हाणीजवळ कधीच नाही, आणि ते चित्रीकरण कुणाच्या मोबाईलवर जाता कामा नये.

घरच्यांना काय सांगायचं

इथे मी एकदा चुकलेय आणि ती चूक तुम्ही करू नका म्हणून सांगते. सुरुवातीच्या काळात मिरज तालुक्यातल्या एका घरी आम्हाला चार तासात उलगडा झाला, नवीन लग्न होऊन आलेली सून होती, आणि मला इतका उत्साह की मी सगळ्यांसमोर पुराव्यासकट सांगून टाकलं. टाळ्या वाजल्या. त्या रात्री तिला सासूने आणि नवऱ्याने मारलं, आठवड्यात माहेरी पाठवून दिलं. मी नंतर तिच्या माहेरी जाऊन माफी मागितली, ती काही बोलली नाही, तिने मला पाणी दिलं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना एकच वाक्य सांगते आणि तुम्हीही तेच सांगा: हे माणसाकडनं होत होतं, बाहेरचं काही नाही, ते आता थांबेल, कुणाकडनं ते आम्ही सांगणार नाही आणि तुम्हीही शोधायचं नाही, शोधलंत तर ते परत सुरू होईल आणि आम्ही येणार नाही.

कर्त्या माणसाकडनं हात जोडून शब्द घ्या की कुणावर हात उगारणार नाही. मग जे दुखणं असेल त्यावर बोला, पण ते आडून. मामाला मी म्हणाले की दादा, तुमच्या घरात एवढं टेन्शन झालंय, पोरीची शाळा बंद करायचा विषय आत्ता नका काढू, शिक्षण चालू राहिलं तर तिचंही मन रमेल. मामीलाही वेगळं भेटा, ती दुष्ट नसते, तीन पोरं, म्हशी, भांगलण आणि वर सासू, तिचंही ऐकणारं कुणी नसतं. त्या दिवशी मामी माझ्याशी पोरीपेक्षा जास्त वेळ बोलली.

झोप लागत नाही, सारखं रडू, जीव द्यायची भाषा, बेशुद्ध पडणं असं काही असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्या, स्वतः बरोबर जा, नुसता पत्ता देऊन कुणी जात नाही. सरकारी टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

देवरुषी मधे असेल तर

देवरुष्याने एखाद्या शेजारणीचं नाव घेतलेलं असतं, 'ही करणी हिने केली', आणि तिथून बांधाचं जुनं भांडण पेटतं. हे सगळ्यात घातक. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इथे आपल्या बाजूला आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं, आणि अमुक माणूस करणी करतो असं पसरवून त्याचं जगणं मुश्कील करणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये, अजामीनपात्र. या कायद्यात दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारी असतो, ठाण्यात गेलात तर त्यांनाच भेटायचं म्हणा. ज्या शेजारणीचं नाव घेतलंय तिच्या घरी त्याच दिवशी जा, तिथेही चहा प्या, आणि जमलं तर दोन्ही घरच्या बायकांना एका ओट्यावर बसवून मगच गाव सोडा.

परत जाणं

आठ दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी परत जायचं, फोनवर भागवायचं नाही. पहिल्या आठ दिवसात एखादा दगड परत येतो, तेव्हा घाबरून जाऊन 'कुणी केलं' म्हणून ओरडू नका, तो बहुतेक वेळा आपण शब्द पाळतो का ते बघायला आलेला असतो. सगळंच उलगडतं असं नाही, काही घरांत मला शेवटपर्यंत कळलं नाही, तिथेही वही, कुलूप आणि येणंजाणं चालू ठेवलं आणि प्रकार हळूहळू बंद पडले.

कागदपत्रांचं म्हणाल तर आपल्या अहवालात नावं लिहू नका, 'घरातील व्यक्ती क्र. ४' असं लिहा. मूळ वही घरच्यांनाही परत देऊ नका, एखाद्या भांडणात कुणीतरी ती उघडून वेळा जुळवत बसेल. कराडची वही मी तिसऱ्या महिन्याच्या भेटीत मामांच्या परवानगीने त्यांच्याच चुलीत घातली. पोरगी तेव्हा घरी नव्हती, नववीची पुस्तकं आणायला मामीबरोबर बाजारात गेली होती.